गिरणीच्या काकूंचं एक मत

गावात पिठाची गिरणी एकच होती आणि ती काकूंची होती. कुणाच्या काकू, असं विचारायची सोय नव्हती. ज्याचं दळण त्यांच्याकडे यायचं त्याच्या त्या काकू, म्हणजे अख्ख्या गावाच्याच. पट्टा फिरायला लागला की मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. ओरडून खोटं बोलणं फार थोड्यांना जमतं, त्यामुळे गावातलं खरंखोटं आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, असा काकूंचा ठाम समज होता.

बाई कामाला वाघ होती. धान्य वरून ओतायचं, खाली पडणारं पीठ चिमटीत धरून जाड की बारीक ते बघायचं आणि पिशवी भरली की तिचं तोंड वरून खाली दुमडायचं, पुन्हा एकदा दुमडायचं आणि अंगठ्याने करकचून दाबायचं. काकूंनी दाबलेली पिशवी घरी जाईपर्यंत उघडत नसे. बोटांच्या रेघांमध्ये पीठ इतकं मुरलं होतं की हात कितीही धुतले तरी जिथे टेकतील तिथे पांढरा ठसा उठायचा.

त्यांचा नवरा पुलाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करायचा. गाव त्याला काका म्हणायचं. शेड गावसमितीच्या जागेत होती, पण इतकी जुनी की पुलाबरोबरच बांधली असावी असं वाटायचं. काकांचे हात तेलाने काळे, काकूंचे पिठाने पांढरे. घरात कुठलं ताट कुणी उचललं, पाण्याचा तांब्या कुणी ठेवला, ते काठावरच्या बोटांवरून सांगता यायचं. काका कमी बोलायचे. काकू त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायच्या आणि दोघांचं बरं चाललं होतं.

या चाललेल्यात पाणी शिरलं ते गटाराचं. समितीच्या कचेरीचं सांडपाणी आधी मागच्या ओढ्याकडे जायचं. समितीच्या अध्यक्षांनी कचेरीला नवी खोली काढली, गटार वळवलं आणि ते नेमकं गिरणीच्या भिंतीशी आणून सोडलं. जमीन ओली राहायला लागली, कोपऱ्यातल्या पिशव्यांना बुरशी धरायला लागली. काकू कचेरीत गेल्या. अध्यक्ष म्हणाले, "बघू." अध्यक्षांचं 'बघू' गावात प्रसिद्ध होतं. ते एकदा म्हणाले की त्या कामाचा नाद सोडायचा, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

काकूंनी नाद सोडला नाही. गिरणीतल्या बाकावर दळणाची वाट बघत बसलेली मंडळी रोज त्यांची कड घ्यायची. दूधवाल्याला गावात 'भोंगा' म्हणत, कारण त्याचं कुजबुजणंही पुलापर्यंत ऐकू जायचं. तो एक दिवस पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "काकू, तुम्हीच निवडणुकीला उभ्या राहा ना! आम्ही आहोत की!" वीजजोडणीची कामं करणारा वायरमन म्हणाला, "घरची सगळी मतं तुमची." काकूंची धाकटी जाऊ पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही उभ्या राहिलात तर मी दुसऱ्या कुणाला कशाला देईन?"

आता हे गाव पहिल्यापासून अध्यक्षांच्या बाजूचं. अध्यक्षांच्या वडिलांच्या वेळेपासून घोड्याच्या चिन्हावर शिक्का मारायचा, एवढंच लोकांना माहीत होतं. शिवाय मतदानाच्या बाबतीत आसपास या गावाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजारी माणसाला खाटेसकट उचलून आणायचे. सगळ्यात जास्त मतदानाबद्दल मिळालेलं मानपत्र कचेरीत काचेच्या चौकटीत लावलेलं होतं आणि अध्यक्ष पाहुण्यांना आधी त्याच्यासमोर नेऊन उभं करायचे. अशा गावात काकू शिडी हे चिन्ह घेऊन घोड्यासमोर उभ्या राहिल्या. मोजणीच्या वेळी आपल्या बाजूने कुणीतरी बसवावं लागतं, हे त्यांना गावातल्या शाळेच्या मास्तरांनी सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, "आपल्याच माणसांवर पाळत कसली ठेवायची?"

मतदानाच्या दिवशी सकाळी काकू दळण अर्ध्यात थांबवून शाळेच्या खोलीत गेल्या. केंद्रावरचे मास्तर परगावचे होते. ते कागद पुढे करून घडीबद्दल काहीतरी समजावून सांगायला लागले, तर काकू म्हणाल्या, "मास्तर, माझा जन्म घड्या घालण्यात गेला. द्या इकडे." आडोशाला गेल्या, शिडीवर शिक्का मारला, कागदाची घडी घातली, पेटीत टाकला आणि परत येऊन पट्टा सुरू केला.

संध्याकाळी त्याच खोलीत मोजणी झाली आणि निकाल फळ्यावर खडूने लिहिला. घोड्यासमोर सगळं गाव होतं. शिडीसमोर एक. खाली लिहिलं होतं, बाद, एक.

काकू फळ्यासमोर उभ्या होत्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एक मत! म्हणजे स्वतःचं. ज्यांची पिशवी काकूंनी कधी मापाला कमी भरली नाही, ज्यांच्या घरी आजारपणात दळण स्वतः पोचवलं, त्यातल्या एकानेही नाही. दिराच्या घरातून नाही. आणि ज्या माणसाबरोबर त्या एका छपराखाली राहत होत्या त्यानेसुद्धा नाही. गावाने केसाने गळा कापला होता, पण घरच्या माणसानेही त्याला हातभार लावला हे त्यांना जास्त झोंबलं.

घरी काका हात पुसत उभे होते. म्हणाले, "अगं, ते एक मत माझं होतं."

"हो का! मग माझं कुठे गेलं? वाऱ्यावर उडालं?"

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला. मग जपून म्हणाले, "ते एक बाद झालंय ना, ते..."

"ते बाद झालेलं तुमचं असेल!" काकू कडाडल्या. "काळे हात घेऊन गेला असाल. आणि दिलं असेल तर घोड्यालाच. शेड वाचायला हवी ना!"

काकांनी तोंड उघडलं, काकूंकडे एकदा पाहिलं आणि मिटलं. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. काकूंनी त्याचा अर्थ चोराच्या मनात चांदणं असा लावला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत खरी गंमत सुरू झाली. भोंगा आला, इकडेतिकडे बघून काकूंच्या कानाशी लागला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं कुजबुजला, "काकू, ते एक मत माझं बरं का. कुणाला बोलू नका." दुपारी वायरमन आला. "तुम्हाला म्हणून सांगतो, तो शिक्का माझा." संध्याकाळी धाकटी जाऊ डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ताई, मी तरी माझा शब्द पाळला." चार दिवसांत त्या एका मताला एवढे बाप मिळाले की काकूंना मोजता येईनात. प्रत्येकाला काकू गोड हसून एकच सांगत होत्या, "मला वाटलंच होतं हो." आतून त्या दातओठ खात होत्या. मत तर दिलं नाहीच, वर त्याचं श्रेयही लाटायला आले. गटाराचं पाणी परवडलं.

अशी माणसं रडून किंवा भांडून वठणीवर येत नाहीत, हे काकूंना कळत होतं. त्यांना त्यांच्याच तोंडाने बुडवायचं.

अध्यक्षांनी गावाचे आभार मानायला कचेरीत सभा ठेवली. सगळे आले. भाषण संपल्यावर काकू उठल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मलाही आभार मानायचेत." अध्यक्षांनी मोठ्या मनाने मान डोलावली.

"ज्यांनी मला मत दिलं त्यांचे आभार," काकू म्हणाल्या. "हे दूधवाले. हे वायरमन. ही माझी जाऊ. ते तिकडे खिडकीपाशी बसलेत ते. सगळ्यांनी गिरणीत येऊन मला स्वतः सांगितलं. अध्यक्षसाहेब, तुमच्यासमोर सांगायला लाजतात एवढंच."

भोंगा उभा राहून "नाही, मी आपलं..." असं काहीतरी म्हणाला, तर काकू लगेच म्हणाल्या, "मग मला खोटं सांगितलंत?" तो खाली बसला. हो म्हणावं तर अध्यक्ष समोर, नाही म्हणावं तर काकू समोर. एकेकाचा चेहरा पडत होता आणि काकूंना गारगार वाटत होतं. शेवटी त्या दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे वळल्या. "आणि हे माझे यजमान. ह्यांनीही मलाच दिलं म्हणे."

काकांनी मान खाली घातली नाही. ते काकूंकडे बघत राहिले. काकूंना वाटलं, बघा, निगरगट्ट माणूस.

अध्यक्ष मोठ्याने हसले. "मत एक आणि मालक एवढे! काकू, तुमचं स्वतःचं मत धरलंत का यात?" सगळे सुटल्यासारखे हसले. अध्यक्षांची नजर मात्र सगळ्यांवरून फिरत काकांच्या हातांवर येऊन थांबली होती.

पुढच्याच आठवड्यात समितीची माणसं पुलाजवळ आली आणि काकांची शेड पाडली. जागा समितीची आहे, एवढं कारण पुरलं. पत्रे खाली पडत होते तेव्हा काकू गिरणीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी एक शब्द टाकला असता, ह्यांनी मत दिलेलं नाही, मी चिडून बोलले, असं म्हटलं असतं, तर कदाचित शेड वाचली असती. त्या म्हणाल्या नाहीत. खोट्या मताचं खरं बक्षीस घ्या, असं मनात म्हणून त्या आत गेल्या आणि पट्टा सुरू केला, म्हणजे पत्र्यांचा आवाज यायला नको.

काका तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये नोकरीला लागले. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे. स्वतःचं दुकान असलेला माणूस या वयात दुसऱ्याच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागला. घरात काकू त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, भिंतीशी बोलायच्या. "ज्याला जेवायचं असेल त्याच्यासाठी वाढलंय." "कुणाचे तरी कपडे वाळलेत." काका जेवायचे आणि कपडे उचलायचे. असे दिवस नाहीत, वर्षं गेली. काकूंचा राग मुरत गेला आणि त्यांनी तो मुरू दिला.

गावातही सगळं नासलं. अध्यक्षांनी तेव्हापासून प्रत्येक सभेत "कोण कुठे शिक्का मारतं ते मला कळतं" असं म्हणायचा सपाटा लावला. भोंग्याच्या गोठ्याला मंजूर झालेला नळ दुसऱ्याच्या दारात गेला. वायरमनच्या भावाला कचेरीत चिकटवायचं ठरलं होतं, तिथे अध्यक्षांचा भाचा येऊन बसला. लोक अध्यक्षांवर जळायला लागले, पण उघड विरोधात जायची छाती कुणाचीच नव्हती. एवढंसं गाव, फळ्यावर आकडा लागणार आणि त्यात आपला शिक्का कुठला हे अध्यक्ष हुडकून काढणार, ही धास्ती प्रत्येकाने घेतली होती. शेड सगळ्यांनी पाहिली होती.

पुन्हा निवडणूक आली. अध्यक्षांसमोर या वेळी ओढ्यापलीकडच्या वस्तीतला एक कुक्कुटपालनवाला उभा होता. काकू उभ्या राहिल्या नाहीत. त्या फक्त पिशवीचं तोंड दुमडताना ज्याच्या त्याच्या कानात काळजीने सांगत, "जपून रे बाबा. गेलास की मोजला जाशील. घरी बसलेल्याला कोण मोजतंय?" एवढं पुरे होतं. मतदानाच्या दिवशी अर्ध्या गावाला ताप आला आणि उरलेल्या अर्ध्या गावाला परगावच्या नातेवाइकाची आठवण झाली.

काकूंनी त्या दिवशी गिरणी बंद ठेवली. अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घातले, हात कोपरापर्यंत घासले आणि ऐन दुपारी शाळेकडे निघाल्या, कारण त्यांना हे सगळं निवांत बघायचं होतं. शाळेबाहेर अध्यक्षांनी मांडव घातला होता. खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. पाण्याचं पिंप भरलेलं तसंच होतं. मधल्या खुर्चीत अध्यक्ष पांढऱ्या शर्टात घाम पुसत बसले होते. पलीकडच्या वस्तीतली माणसं मात्र गटागटाने येऊन मत देऊन जात होती.

"काय अध्यक्षसाहेब," काकू म्हणाल्या, "मानपत्र उतरवून ठेवलंत की नाही?"

अध्यक्षांनी मान वळवून पुन्हा घाम पुसला. काकूंना हे इतकं गोड लागलं की त्या मुद्दाम सावकाश पायऱ्या चढल्या.

आत तेच परगावचे मास्तर होते. वस्तीवरचा एक गट गेला की दुसरा येईपर्यंत खोलीत माशा मारत बसावं लागत होतं, त्यामुळे बोलायला माणूस मिळालं म्हणून त्यांना आनंद झाला. धुतलेल्या चेहऱ्याच्या काकूंना त्यांनी ओळखलं नाही.

"बाई, घडी आधी उभी घाला," कागद देताना ते म्हणाले. "वरून खाली आडवी घालू नका. शाई ओली असते, वरच्या चिन्हाचा ठसा खालच्या चिन्हावर उमटतो. मग मारलेला कुठला आणि उमटलेला कुठला ते कळत नाही. मागच्या वेळी इथेच एक मत असं वाया गेलं."

"असं?" काकू म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या रिकाम्या खुर्च्यांवर होतं.

"आणि वाया जायला नको होतं हो. शिडीवाल्या बाईला सगळं मिळून एकच मत पडलं होतं, हे तिचं असतं तर दोन झाली असती. इतकी करकचून दाबली होती घडी, की उलगडताना कागद फाटेल असं वाटलं. वर पिठाचा अख्खा अंगठा उठलेला. आम्ही हसलो होतो, म्हटलं कोण पिशवी बांधायला आलं होतं की काय."

काकूंनी खिडकीवरची नजर काढली.

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यावरून तर भांडण झालं. त्याच्या कोपऱ्याला तेलाचं काळं बोट लागलं होतं. अध्यक्षांचा माणूस म्हणे, ही खूण आहे, हेही बाद करा. मी म्हटलं, अहो, शिक्का शिडीवर स्वच्छ आहे. कुणीतरी काम टाकून आलेला माणूस असेल, त्याचे हात काळे तर त्याला काय करणार? धरलं मी ते मत. बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का? बसा जरा."

काकू बसल्या नाहीत. त्या कागद घेऊन आडोशाला गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. अध्यक्षांची काकांच्या हातांवर थांबलेली नजर त्यांना आठवली. म्हणजे अध्यक्षांना सभेतच कळलं होतं. मास्तरांनी ते काळं बोट पाहिलं होतं, अध्यक्षांच्या माणसाने ते ओळखलं होतं. जिला सगळ्या गावाचं खरंखोटं आधी कळतं तीच तेवढी राहिली होती. सगळ्या गावात एक माणूस खरं बोलला होता आणि त्यांनी त्यालाच सभेत बोट दाखवून धरून दिलं होतं. शिक्का मारून त्यांनी कागदाची उभी घडी घातली. घडी वाकडी पडली.

संध्याकाळच्या गाडीने काका आले. मागच्या दारी नळाखाली ते नेहमीसारखे हात घासत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो."

काकांचे हात नळाखालीच थांबले. ही हाक त्यांनी फार वर्षांनी ऐकली होती.

"त्या दिवशी मत द्यायला जाताना हात धुतले नव्हते तुम्ही?"

"पंक्चर अर्धं टाकून गेलो होतो." काका पुन्हा हात घासायला लागले. "का? आज काय त्याचं?"

"बाद झालेलं माझं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कळलं होतं ना तेव्हाच?"

"हो. मी दिलं होतं ते मला माहीत होतं. मग उरलेलं तुझंच."

"मग सांगितलं का नाहीत? सभेत मी एवढं बोलले, तेव्हा तरी ओरडायचं! शेड पाडत होते तेव्हा तरी!"

काकांनी नळ बंद केला. "काय ओरडायचं? हिला स्वतःचं मतसुद्धा नीट देता आलं नाही म्हणून? फळ्यासमोर लोक हसले तेवढे पुरे होते. आणखी कशाला हसवायचे?"

तेवढ्यात शाळेच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. पलीकडच्या वस्तीतली पोरं ओरडत पुलावरून पळत होती. अध्यक्ष पडले होते. काकूंनी ज्या आवाजासाठी इतकी वर्षं काढली होती तो हाच. थोड्याच वेळात पुढच्या दारावर थाप पडली आणि भोंग्याचं कुजबुजणं सगळ्या घरातून घुमलं, "काकू! पाडला की नाही! मी गेलो होतो बरं का गुपचूप. कुणाला बोलू नका."

काकूंनी दार उघडलं नाही.

"शेड पुन्हा बांधायची होती," त्या काकांना म्हणाल्या. "आपल्या गिरणीशेजारी जागा होती. मी अडवलं नसतं. का नाही बांधलीत?"

काका फडक्याला हात पुसत होते. फडक्यावर काळे डाग उठत होते.

"बांधली असती," ते म्हणाले. "तू विचारशील म्हणून थांबलो होतो."